बाईंचा घरगुती वारसा

सगळा घोळ एका शब्दानं घातला, आणि तो शब्द माणसाचा नव्हता, मंत्रालयातल्या यंत्राचा होता.

झालं असं, की दूर कुठल्यातरी देशातली माणसं आपल्या राष्ट्राध्यक्षावरून इतकी भांडली की सख्खे भाऊ एकमेकांच्या मयताला जाईनात. शेवटी तिथं कायदा झाला. माजी अध्यक्षाचं नाव कशालाही द्यायचं असेल तर आधी त्याच्या देशांतर्गत कारभाराचं शास्त्रीय मोजमाप करायचं, परदेशात त्यानं काय दिवे लावले ते वेगळं. आपल्या सरकारला हा कायदा आवडला. आपल्या सरकारला दुसऱ्याचं सगळंच आवडतं. भाषांतराला यंत्र होतंच. त्यानं 'प्रेसिडेंट'चं 'अध्यक्ष' केलं, इथवर ठीक. 'डोमेस्टिक'चं केलं 'घरगुती'. वाचून बघायची तसदी कोण घेतो? सही करणाऱ्याचं काम सही करायचं. आणि राज्यातल्या प्रत्येक माजी अध्यक्षाच्या, मग तो साध्या नगरपरिषदेचा का असेना, 'घरगुती वारशाचं शास्त्रीय मूल्यमापन' सक्तीचं होऊन बसलं.

म्हणजे रस्ते मोजायचे नाहीत, गटारं मोजायची नाहीत. लोकांच्या घरात शिरायचं.

म्हणून एका सकाळी सावळदऱ्याच्या चंद्रकला खरातच्या फोनवर सरकारी फर्मान आलं: 'पुढील सूचना मिळेपर्यंत पाणी उकळण्याची भांडी आतून घासू नयेत.'

चंद्रकलाच्या हातातली घासणी तशीच राहिली. आयुष्यभर तिला सगळ्यांनी भांडी घासायलाच सांगितलं होतं. घासू नका म्हणणारं हे पहिलंच सरकार.

मग तिची नजर ओट्यावरच्या इलेक्ट्रिक किटलीवर गेली.

ती किटली तिच्या नवऱ्याची होती, आणि सावळदऱ्यात पाणी म्हणजे नुसतं पाणी नव्हतं.

आबा काळोखे नगराध्यक्ष असताना त्यांनी गावाबाहेर थोरली विहीर खोदली. त्यांना पाडून सुलोचनाबाई दहातोंडे नगराध्यक्ष झाल्या आणि त्यांनी धरणावरून घरोघर नळ आणला. बाई म्हणाल्या, विहिरीचं पाणी विष आहे. आबा म्हणाले, नळाचं पाणी मढं आहे. झालं. गाव उभं चिरलं. एका बाजूला नळवाले, दुसऱ्या बाजूला विहीरवाले. दोन गणपती, दोन न्हावी, दोन लग्नाचे बँड. उरलंसुरलं काम फोनांनी केलं. बातम्या सांगणारं यंत्र ज्याला जे आवडेल तेच गाव त्याला दाखवायचं. नळवाल्याच्या फोनात विहिरीत मेलेलं कुत्रं तरंगायचं, विहीरवाल्याच्या फोनात नळातून अळ्या पडायच्या. दोन्ही चित्रं यंत्रानंच काढलेली, आणि दोन्ही बघून माणसं खरोखर ओकायची. पुढं आबा वारले, मग बाई वारल्या. भांडण मात्र टुणटुणीत राहिलं, कारण बऱ्याच हरामखोरांचं पोट त्याच्यावर चालत होतं.

आता नव्या उंच टाकीला बाईंचं नाव द्यायचं घाटत होतं. टाकीखाली बाईंचा पुतळा, पुतळ्याच्या हातात नळ. बाईंचा मुलगा नंदकुमार त्यासाठी हातघाईवर आलेला. आणि त्याच्यासमोर छाती काढून उभा होता विहीरवाल्यांचा म्होरक्या, म्हणजे चंद्रकलाचा नवरा, भानुदास खरात.

भानुदासची मिशी तालुक्यात प्रसिद्ध होती. फोटोत आधी मिशी यायची, मग भानुदास. तिच्यावर हात ठेवून त्यानं भर चौकात शपथ घेतली होती, "त्या बाईच्या नळाचा एक थेंब जरी या घशाखाली गेला, तर ही मिशी इथंच, या चौकात उतरवीन!"

तेव्हापासून खरातांच्या घरात दोन पाणी होती. बायकोसाठी नळ. नवऱ्यासाठी विहिरीचा कॅन, जो विहीरवाल्यांचा टेम्पो दारात ठेवून जायचा. तिच्या पातेल्याला त्याची किटली लागलेली चालायची नाही. शेवटी त्यानं आपल्या चहाला वेगळी शेगडी घेतली. एका स्वैपाकघरात दोन चुली, आणि मधे नवरा-बायको पाठीला पाठ लावून उभे. चंद्रकलाला राजकारणाचं सोयरसुतक नव्हतं. नळ आला तेव्हापासून तिच्या कमरेवरची कळशी उतरली होती, एवढंच तिचं राजकारण.

मग भानुदासला मुतखडा झाला. साधासुधा नाही, शहरात नेऊन ऑपरेशन करावं लागलं. डॉक्टर चंद्रकलाला बाजूला घेऊन म्हणाले, "विहिरीचं जड पाणी बंद करा." भानुदासला म्हणाले तेव्हा त्यानं त्यातलं सोयीचं तेवढंच ऐकलं: पाणी उकळून प्या.

घरी आल्यावर चंद्रकलानं कॅनचं झाकण उघडलं, सगळं पाणी परसातल्या कढीपत्त्याला ओतलं, आणि किटली नळाखाली धरली.

पहिला घोट घेऊन भानुदास थांबला. "अगं, अळणी लागतंय."

"आजारपणानं तोंडाची चव गेली असेल."

दुसऱ्या दिवसापासून तिनं किटलीत मीठ टाकायला सुरुवात केली. चिमूटसुद्धा नाही. चार कण. बोटाच्या टोकाला चिकटतील तेवढे.

"हां! ही चव!" भानुदास मिशी पुसत म्हणाला. "धरणाच्या मढ्याला ही चव कुठून येणार?"

तेव्हापासून रोज सकाळी चार कण. उन्हाळ्यात मात्र तो कधीकधी म्हणायचा, "आज विहीर जोरात आहे!" तेव्हा तिला वाटायचं, आपला हात जड पडला. किटलीच्या आत पांढरा थर चढत गेला, आणि भानुदास तो कुणाला खरवडू द्यायचा नाही. "ही विहिरीची ताकद आहे. दगडाची ताकद!"

"तीच ताकद पोटात साठली होती," चंद्रकला म्हणायची. "डॉक्टरनं काढून वाटीत दाखवली."

फर्मानामागून माणूसही आलं. डॉक्टर निखत मुजावर. तिशीतली पोरगी, पाठीवर पिशवी, पिशवीत जेवणाच्या डब्याएवढं यंत्र. त्याचं नाव थरवाचक.

"मी खरं तर गुहांमधली, काकू," ओट्याशी बसत ती म्हणाली. "गुहेतल्या चुनखडीचे थर वाचायचे, आणि हजारो वर्षांपूर्वी पाऊस कसा पडला ते सांगायचं. आता सरकारनं स्वैपाकघरात पाठवलंय."

"काय फरक पडतो? इथंही बाई एकदा आत शिरली की बाहेर येत नाही."

निखत खळखळून हसली. चंद्रकलानं तिच्यासमोर चहा ठेवला आणि शक्य तितक्या सहज विचारलं, "पण भांड्याच्या मळात तुला दिसणार काय?"

"मळ नाही, काकू, चुना. पाणी उकळलं की त्यातला चुना भांड्याला बसतो. रोज एक पापुद्रा, केसाहून बारीक. आता गंमत बघा. पाण्यात ऑक्सिजन असतो आणि तो दोन वजनांचा असतो, हलका आणि जड. धरणाचं पाणी उन्हात उघडं पडलेलं. त्यातला हलका भाग वाफ होऊन आधी उडतो, जड मागं राहतो. विहिरीचं पाणी जमिनीखाली झाकलेलं, त्यातला हलका जागेवरच. तोच ऑक्सिजन चुन्यात अडकतो आणि कायमचा बसतो. उकळी दरवेळी सारखीच तापते, म्हणून थरात फरक दिसला तर तो पाण्याचाच. हे यंत्र किरणानं एकेक पापुद्रा जाळतं आणि त्याचा वायू तोलतं."

"म्हणजे कुठलं पाणी होतं ते भांडं सांगणार."

"कुठलं, आणि कोणत्या ऋतूत. कुणाच्या घरात बाईंचं पाणी खरंच पोचलं, कुणाच्या नाही, सगळं."

"भांड्याला खोटं बोलता येत नाही?"

"नाही. म्हणून तर मला माणसांपेक्षा भांडी आवडतात."

चंद्रकला पुढं काही बोलणार, तेवढ्यात दारातून भानुदासचा आवाज आला. त्यानं शेवटचं तेवढं ऐकलं होतं.

"मॅडम! मग सगळ्यात आधी आमची किटली लावा. चौकात लावा, सगळ्यांसमोर. या गावात एक तरी माणूस शब्दाला जागला, हे त्या नंद्याला बघू दे!"

"अहो, एवढं कशाला..."

"तू थांब गं. उद्याच!"

दुसऱ्या दिवशी पहाटे चंद्रकला ओट्यापाशी उभी होती. तिनं लिंबू कापलं, किटलीत पिळलं. चुन्याला लिंबू लागलं की काय होतं ते तिला शास्त्र न शिकता माहीत होतं. फसफस सुरू झाली. बारीक बारीक बुडबुडे. अर्धा तास ठेवलं असतं तर किटली लख्ख झाली असती, मिशी वाचली असती, नवऱ्याचा चौकातला मान वाचला असता, आणि आयुष्यभर दोन चुली तशाच पेटत राहिल्या असत्या.

ती बुडबुड्यांकडं बघत राहिली. हा चुना म्हणजे तिच्या रोजच्या सकाळी होत्या. आबांच्या नावाची विहीर होती, बाईंच्या नावाची टाकी होणार होती. तिच्या नावावर जगात काय होतं? हा एवढा पांढरा थर. या माणसाला तिनं जगवलं, आणि जगवल्याचं श्रेय तो रोज सकाळी मिशी पुसत एका विहिरीला देत आला.

"जाऊ दे खड्ड्यात," ती मोठ्यानं म्हणाली, आणि लिंबाचं पाणी ओतून टाकलं. निदान चोरी तरी आपल्या नावावर असू दे.

चौकात जत्रा भरली होती. एका बाजूला नळवाले, एका बाजूला विहीरवाले, मधे पोलिसांची दोरी. दोन्ही बँड वाजत होते, आणि दोघंही एकच गाणं वेगवेगळ्या सुरात वाजवत होते. मोठा पडदा लावलेला. निखतनं रंग निवडताना शहाणपणा केला होता. कुठल्याही झेंड्याला नसलेले दोन रंग, विहिरीला तपकिरी, नळाला गुलाबी.

भानुदासनं किटली डोक्यावर धरून मिरवत आणली. निखतनं आत डोकावलं, बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि चंद्रकलाकडं बघितलं. "वरचे थोडे पापुद्रे गेलेत," ती हळूच म्हणाली. "लिंबू?"

"चहात टाकायला कापलं होतं," चंद्रकला म्हणाली.

निखतनं ओठ दाबून हसू गिळलं आणि यंत्र सुरू केलं.

पडद्यावर तळाची रेघ उमटली. तपकिरी. विहीरवाल्यांनी हलगी बडवली. आणखी थोडं तपकिरी. भानुदासनं मिशीला पीळ दिला.

मग गुलाबी.

हलगी थांबली. गुलाबी, गुलाबी, नुसतं गुलाबी. मग एक बारीक तपकिरी पट्टा, मग पुन्हा भलंमोठं गुलाबी. पुन्हा तपकिरी पट्टा. शेवटपर्यंत तसंच.

नळवाल्यांकडून जो आरडाओरडा उठला, त्यानं चौकातली कबुतरं तालुका सोडून गेली.

"काय भानुदासराव!" नंदकुमारनं माइक हिसकावला. "आमच्या आईचं पाणी गोड लागलं म्हणायचं! हे तपकिरी पट्टे काय आहेत, मॅडम?"

"ते प्रत्येक उन्हाळ्यातले," निखत म्हणाली. तीही गोंधळली होती. "उन्हाळ्यात यांनी विहिरीचं पाणी घेतलंय."

"म्हणजे निष्ठा फक्त उन्हाळ्यात जागी व्हायची!"

हशा पिकला. भानुदास पांढराफटक पडला होता. त्याला खरंच काही कळत नव्हतं. तो पडद्याकडं बघत होता, किटलीकडं बघत होता, सोडून गेलेल्या देवाकडं बघावं तसा विहीरवाल्यांकडं बघत होता.

चंद्रकलाला ते बघवेना. पण खरं सांगायचं तर ती उठली ती दयेनं नाही. पडद्यावर चुकीचं लिहिलं होतं, म्हणून उठली.

"खोटं आहे!" तिचा आवाज माइकशिवाय चौकभर गेला. "उन्हाळ्यात यांनी विहिरीचं घेतलेलं नाही. किटली मी भरते. ऑपरेशन झाल्यापासून रोज मी भरते, आणि उन्हाळा असो पावसाळा असो, मी नळाचंच भरलंय. यांना न सांगता. कॅनचा एक थेंब घातला नाही. तुझं यंत्र बिघडलंय, बाई!"

भानुदासनं मान वळवून बायकोकडं बघितलं. तिनं बघितलं नाही. तिनं निखतकडंच बोट रोखून धरलं होतं.

निखतच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. "काकू, यंत्र बिघडलं नसेल आणि तुम्हीही खरं बोलत असाल," ती म्हणाली, "तर मग उन्हाळ्यात तुमच्या नळालाच विहिरीचं पाणी येत होतं." ती नंदकुमारकडं वळली. "साहेब, तुमच्या घरातलं एखादं भांडं आणता?"

नकार देता येईना. दहातोंड्यांच्या घरचा पाणी तापवायचा बंब आला, बाईंच्या हयातीतला. यंत्र फिरलं. गुलाबी. तपकिरी पट्टा. गुलाबी. तपकिरी पट्टा. हुबेहूब किटलीसारखं.

"हे शक्यच नाही," नंदकुमार म्हणाला. "आई त्या विहिरीचं नावसुद्धा..."

"जोडली होती."

पुढच्या रांगेतून एक म्हातारी उठत होती. आबा काळोख्यांची बायको, पारूबाई. तिला उठायला वेळ लागला.

"उन्हाळ्यात धरण तळाला जायचं. आमची विहीर काही आटायची नाही. एका दुपारी बाई आली माझ्याकडं. ह्यांच्याकडं नाही, माझ्याकडं. ओट्याशी बसली, चहा प्याली. म्हणाली, पारूताई, बायांच्या डोक्यावर परत हंडे येतील हो. पंपाची किल्ली माझ्याकडंच असायची, ह्यांचे गुडघे गेलेले. मी दिली. दर उन्हाळ्याला देत गेले."

"मग सांगितलं का नाही?" कुणीतरी ओरडलं.

"मी म्हटलं होतं, सांगू. तर म्हणाली, सांगितलं की दोघांचीही मतं जातील." म्हातारीनं पदर सावरला. "तेवढं मात्र बाईचं चुकलं. मी तोंडावर सांगितलं होतं तिला."

घ्या. बाईंचं जे काही मूल्यमापन व्हायचं ते झालं, आणि ते एका म्हातारीनं उभ्या उभ्या केलं. बाईंना पाणी जोडायची अक्कल होती, जोडलं म्हणून सांगायची छाती नव्हती. गावभरच्या कमरा त्यांनी वाचवल्या, आणि गावभरची मनं फुटत होती ती पाच-पाच वर्षं बघत बसल्या, कारण फुटलेलं गाव मोजायला सोपं जातं. दोन्ही खरं. ज्याला यातलं एकच हवं असेल, त्यानं आपल्या फोनात तोंड घालून बसावं.

पण चौकात त्या क्षणी एवढा विचार कुणी केला नाही. आधी एक नळवाला हसला, मग एक विहीरवाला. नंतर कोण कुठला ते कळेना. आपण इतकी वर्षं एकमेकांचंच पाणी पीत एकमेकांना शिव्या दिल्या, हे ज्याच्या डोक्यात शिरेल तो पोट धरून खाली बसत होता.

"मिशी!" एकदम कुणाला तरी आठवलं. "मिशी! मिशी!"

भानुदास उठला. त्याला पळवाट होती. मला फसवलं म्हणता आलं असतं. त्यानं नुसता हात वर केला. "शब्द म्हणजे शब्द. खुर्ची आणा."

खुर्ची आली, आणि गावातले दोन्ही न्हावी एकदमच वस्तरा घेऊन धावले. असा मान कोण सोडतो? हमरीतुमरी सुरू झाली तेव्हा भानुदासच ओरडला, "अरे मिशीला दोन बाजू आहेत! वाटून घ्या!" मग डावी बाजू नळवाल्या न्हाव्यानं उतरवली, उजवी विहीरवाल्यानं, आणि दोन्ही बँडांनी बऱ्याच वर्षांनी एकत्र एकच गाणं एकाच सुरात वाजवलं. निदान सुरुवातीला तरी.

अर्धी मिशी गेलेली, तोंडाला फेस, तशात भानुदास गरजला, "नंद्या! उन्हाळाभर तुझ्या आईच्या नळाला आमची विहीर वाहिली. तुझी मिशी कुठाय?"

नंदकुमारनं आपल्या गुळगुळीत ओठावरून हात फिरवला. "मला मिशीच नाही."

"मग वाढव, आणि ये!"

निखतनं अहवालात खरं तेच लिहिलं: 'माजी अध्यक्षांचा घरगुती वारसा: गुलाबी, प्रत्येक उन्हाळ्यात तपकिरी पट्टा.' तो मंत्रालयातल्या यंत्रानं वाचला, आणि त्याला वाटलं टाकीचा रंग कळवलाय. पुढच्या महिन्यात कंत्राटदारानं टाकी रंगवली. गुलाबी, तपकिरी पट्ट्यांची. पुतळ्याचा विषय कुणी पुन्हा काढला नाही. सावळदऱ्यात आता पत्ता सांगताना पट्टेरी टाकीपासून डावीकडे म्हणतात.

पण त्या दिवशी चौकातून चंद्रकला एकटीच घरी आली. चौकात नवरा तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. ती ओट्याशी उभी राहून वाट बघत राहिली. तोंडात वाक्यं जुळवत होती, मोडत होती.

भानुदास आला. बिनमिशीचा. लग्नाच्या वेळी होता तसा, फक्त जुना झालेला. आपल्या शेगडीपाशी न जाता तो तिच्या बाजूला उभा राहिला.

"आणि कॅनचं पाणी?"

"कढीपत्त्याला."

त्यानं खिडकीतून बाहेर बघितलं. कढीपत्ता पत्र्याच्या वर गेला होता. "त्याला काही झालं नाही ते?"

"त्याला मूत्रपिंड नाही."

भानुदासनं ओठांवर मिशी पुसायला हात नेला, तिथं काही नव्हतं. "आणि चव? माझी जीभ काय मेली होती?"

"मीठ टाकायचे," ती म्हणाली. "रोज. चार कण."

तो तिच्याकडं बघत राहिला. मग त्याच्या उघड्या ओठाची एक कड थरथरली, मग दुसरी.

"म्हणून!" तो फुटला. "म्हणून लेकीच्या घरी पाणी अळणी लागायचं! मी तिच्या सासऱ्याला तोंडावर म्हणालो, तुमच्या गावाला चव नाही! चांगला तासभर भांडलो गं मी त्याच्याशी!"

दोघंही ओट्याला धरून हसली. ती रडलीही थोडी, पण त्यानं ते न बघितल्यासारखं केलं. मग त्यानं आपली शेगडी उचलली, परसात नेऊन ठेवली, आणि येऊन पेला घेऊन नळापाशी उभा राहिला. इतक्या वर्षांत त्या नळाला त्यानं हात लावला नव्हता. त्यानं तो उलटा फिरवला, मग सुलटा, मग एकदम जोरात. सगळं पाणी अंगावर आलं. उरलं तेवढं तो प्याला, आणि तोंड वाकडं केलं.

"अळणी आहे."

"अळणीच बरं. डॉक्टर म्हणालेत."

"डॉक्टरला काय कळतंय चवीतलं?" त्यानं पेला तिच्यापुढं धरला. "टाक चार कण."

चंद्रकलानं मिठाचा डबा उघडला. तो ओला सदरा पिळण्यात गुंतला आहे असं पाहून तिनं तीनच टाकले.